टेस्टोस्टेरॉन वाढलं म्हणून जेवण सोडलंस, ते आधी सुरू कर

पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देते. "डॉक्टर ताई, मी २४ वर्षांची आहे, नागपूरला मानेवाड्याला राहते, स्पर्धा परीक्षेची तयारी करून राहिली. दोन वर्षांपासून हनुवटीवर जाड केस येऊन राहिले, तोंडावर पिंपल्स, आणि डोक्यावरचे केस मात्र गळून राहिले. पाळी दोन महिन्यांनी येते, कधी तीन. मी घरी न सांगता लॅबमधे टेस्ट केली तर टेस्टोस्टेरॉन ८६ आलं, त्याच्यासमोर हाय लिहिलं होतं. मोबाईलवर पाहून पुदिन्याचा चहा सुरू केला, ज्येष्ठमधाची पावडर घेते, भात पोळी बंद केली, दिवसातून एकदाच जेवते. दीड महिन्यात ४ किलो कमी झाले पण केस तसेच. आई म्हणते लग्न झालं की सगळं नीट होते. मला रात्री झोप येत नाही, वाटते मी हळूहळू माणसासारखी होऊन जाईन. गोळ्या न घेता टेस्टोस्टेरॉन कमी करायचे उपाय सांगा. आणि रविवारी पाहुणे येणार आहेत पाहायला, थ्रेडिंग केली तर केस अजून वाढतील का?"

अगं, सगळ्यात आधी ती रात्रीची भीती. तू माणसासारखी होणार नाहीस. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्याला पुरुषी हार्मोन म्हणतात ते, प्रत्येक बाईच्या अंगात असतं, माझ्या, तुझ्या आईच्या, सगळ्यांच्या. थोडं अंडाशयात बनतं, थोडं किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत, आणि जवळपास अर्धं चरबीत, कातडीत वगैरे दुसऱ्या हार्मोनपासून तयार होतं. बायकांची नॉर्मल रेंज बऱ्याच लॅबमधे साधारण १५ ते ७० च्या आसपास देतात, पुरुषांची सुरूच ३०० च्या आसपास होते आणि १००० पर्यंत जाते. म्हणजे तुझं ८६ हे बाईच्या रेंजच्या थोडं वर आहे, पुरुषाच्या रेंजच्या कुठेही जवळ नाही. शिवाय हे हार्मोन हाडांना लागतं, स्नायूंना लागतं, अंगात जोम राहायला लागतं, त्यामुळे ते शून्यावर आणायचंच नाहीये, जिथे जास्त झालं तिथून थोडं खाली आणायचं आहे.

आता जेवण. एकदाच जेवणं आजपासून बंद कर, खरंच सांगते, हे वाचून झालं की उठ आणि काहीतरी खा. तुझी पाळी आधीच लांबलेली आहे, आणि उपाशी शरीराचा मेंदू पहिला निर्णय हाच घेतो की पाळीचं काम थांबवा, म्हणजे जे नीट करायला निघालीस तेच अजून बिघडेल. दुसरं म्हणजे झपाट्याने वजन उतरलं की दोन तीन महिन्यांनी डोक्यावरचे केस मुठीमुठीने गळतात, तेव्हा तुला वाटेल टेस्टोस्टेरॉन अजून वाढलं आणि तू अजून खाणं कमी करशील. हा फेरा मी खूप मुलींमधे पाहिला आहे आणि तो मोडायला मग वर्ष जातं.

रिपोर्टबद्दल सांगते, कारण तू एका आकड्यावर सगळं उभं केलं आहेस. ती टेस्ट तू पाळीच्या कितव्या दिवशी केली, सकाळी की संध्याकाळी, तेव्हा केसगळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या का, हे काहीच लिहिलं नाहीस. बायोटिन घेतलं असेल तर काही मशीनवर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दाखवतं आणि थायरॉइडचा रिपोर्ट पण चुकतो, म्हणून दोन तीन दिवस आधी ते बंद ठेवायचं. आणि नेहमीच्या लॅबमधली ही टेस्ट पुरुषांचे मोठे आकडे मोजायला बरी आहे, बायकांचे छोटे आकडे मोजताना ती थोडी इकडे तिकडे होते. त्याच्याहून महत्त्वाचं म्हणजे रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन मोकळं फिरतच नाही, लिव्हर एसएचबीजी नावाचं एक प्रोटीन बनवतं ते त्याला धरून ठेवतं. धरलेलं असतं ते फारसं काही करत नाही, मोकळं सुटलेलं असतं तेच केसांच्या मुळाशी आणि पिंपल्सच्या ग्रंथीत जाऊन काम करतं. म्हणून एखादीचं एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल येतं तरी हनुवटीवर केस असतात, कारण तिचं ते धरून ठेवणारं प्रोटीनच कमी असतं. तर पुढच्या वेळी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी, टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी करायचं, १७ ओएच प्रोजेस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, आणि ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतात ती टेस्ट. पाळी यायची वाट पाहत बसायला लागत असेल तर डॉक्टर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नको, आम्ही ते सगळ्यांनाच विचारतो.

इतक्या टेस्ट कशाला, तर टेस्टोस्टेरॉन वाढणं हा आजार नाही, ते कशामुळे तरी वाढतं, आणि कारणाप्रमाणे उपाय बदलतो. तुझ्या पत्रावरून मला पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम वाटतं. २००३ मधे रॉटरडॅमला ठरलेला नियम आम्ही अजून वापरतो, तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएस म्हणायचं: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अंडाशयात भरपूर छोट्या फॉलिकल्स, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या. तुझ्यात पहिल्या दोन आहेतच. जगभरात दहा बायकांमागे साधारण एकीला हे असतं, तुझ्या लायब्ररीतल्या मुलींमधेच दोन चार निघतील, फक्त कोणी बोलत नाही. पण तोच नियम असंही म्हणतो की आधी बाकीची कारणं काढून टाका. ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मापासूनचा एक सौम्य दोष असतो जो मोठेपणी अगदी पीसीओएससारखा दिसतो, ती १७ ओएचची टेस्ट त्याच्यासाठी. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनने पण पाळी लांबते. फिट्सची काही औषधं, जिममधे मिळणाऱ्या बिनलेबलच्या पावडरी, यांनी पण वाढतं. आणि एक गोष्ट मुद्दाम विचारते, तोंडाला गोरेपणाची क्रीम लावून राहिली का? मेडिकल स्टोअरमधे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच क्रीममधे स्टेरॉइड असतं, त्याने तोंडावर लव वाढते आणि पिंपल्स येतात, आणि रिपोर्टमधे काही दिसत नाही. लावत असशील तर स्किनच्या डॉक्टरला दाखवून बंद कर.

एकच परिस्थिती अशी आहे जिथे मी म्हणेन अपॉइंटमेंटची वाट पाहू नको. आवाज घोगरा होऊन राहिला, केस दोन वर्षांत नाही तर दोन तीन महिन्यांतच झपाट्याने वाढले, टेस्टोस्टेरॉन १५० - २०० च्या वर गेलं, असं असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचं, कारण क्वचित अंडाशयात किंवा ॲड्रिनलमधे गाठ असते. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही.

आता तुझा खरा प्रश्न, कमी कसं करायचं. पीसीओएसमधे टेस्टोस्टेरॉनच्या मागे बहुतेक वेळा इन्शुलिन उभं असतं. आपण खाल्लं की साखर वाढते, ती स्नायूंमधे ढकलायला इन्शुलिन येतं. ज्यांचे स्नायू इन्शुलिनचं ऐकत नाहीत त्यांच्यात शरीर अजून अजून इन्शुलिन सोडतं, आणि गंमत नाही तर दुःखाची गोष्ट ही की स्नायू ऐकत नसले तरी अंडाशय मात्र पूर्ण ऐकतं, आणि जास्त इन्शुलिन मिळालं की जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं. त्याच वेळी तिकडे लिव्हर ते धरून ठेवणारं प्रोटीन कमी बनवतं. म्हणजे बनतंय जास्त आणि धरून ठेवणारं कमी, दोन्हीकडून मार. म्हणून टेस्टोस्टेरॉन कमी करायचा घरगुती उपाय म्हणजे खरं तर इन्शुलिन कमी लागेल असं वागणं आहे, आणि त्याला कोणती पावडर लागत नाही.

त्याच्यात व्यायाम मी जेवणाच्याही आधी ठेवते. चालणारा, उठबस करणारा स्नायू साखर स्वतःच ओढून घेतो, त्याला इन्शुलिन कमी लागतं, आणि हे वजन एक किलोही कमी झालं नाही तरी होतं. आठवड्यात १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणं, आणि दोन दिवस वजनाचा व्यायाम, घरी करायचा तर पाण्याच्या दोन बाटल्या, बैठका, भिंतीला टेकून दंड. वजन उचलल्याने पुरुषी दिसते हे डोक्यातून काढून टाक, उलट या व्यायामाने तुझ्यासारख्यांना फायदाच होतो. आपल्याकडे एप्रिल मे मधे पारा ४५ ला जातो तेव्हा सात वाजता पण बाहेर पाय ठेववत नाही हे मला माहीत आहे, त्या दिवसांत साडेपाचला निघायचं, नाहीतर लायब्ररीचा जिना. दिवसभर खुर्चीत बसून अभ्यास असतो नं, तर दर तासाला पाच मिनिटं उठ, ते पण मोजलं जातं.

जेवणात काही बंद करायचं नाही, ताटाची मांडणी बदलायची. आपले तर्री पोहे घे, पोह्यांचा डोंगर आणि वरून चमचाभर तर्री असं असतं, ते उलटं कर, तर्रीतले चणे भरपूर आणि पोहे कमी, सोबत एखादं अंडं खात असशील तर अंडं. दुपारी ज्वारीची भाकर, घट्ट वरण, भाजी, दही, आणि भात आवडतो तर एक वाटी भात, आधी वरण भाजी खाऊन मग. रात्री झुणका भाकर असेल तर बेसनातून प्रोटीन मिळालंच. संत्रा सोलून खा, सालीखालच्या पांढऱ्या रेषांसकट, पण संत्र्याचा ज्यूस, उसाचा रस, कोल्ड्रिंक हे सोड, आणि अभ्यासाच्या नावावर दिवसाचे सहा गोड चहा होत असतील तर ते दोनावर आण. महिन्यातून एखाद्या वेळी सावजी खाल्लं म्हणून हार्मोन बिघडत नाही. पीसीओएससाठी अमुकच डाएट सगळ्यात भारी असं आजवर कुठे सिद्ध झालेलं नाही, जे तू वर्षभर खाऊ शकशील तेच तुझं डाएट.

वजन उंची तू लिहिलीच नाहीस. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी पाळी आणि टेस्टोस्टेरॉन दोन्हीत फरक दिसतो, म्हणजे ७० किलोची असशील तर साडेतीन ते सात किलो, ते पण चार सहा महिन्यांत. आणि बारीक असशील तर वजन कमी करायचंच नाही, बारीक मुलींना पण पीसीओएस होतो. इथे माझी एक चूक सांगते. मी नवीन असताना एका मुलीला फक्त "वजन कमी करून ये" एवढं सांगून परत पाठवलं, साखर तपासली नाही, पुढे कधी यायचं ते पण सांगितलं नाही. ती पाच वर्षांनी आली तेव्हा तिला डायबेटिस होता. ते मला अजून लागतं, म्हणूनच वर ती ग्लुकोजची टेस्ट इतकी आग्रहाने सांगितली, ती दर एक ते तीन वर्षांनी करत राहायची.

पुदिना आणि ज्येष्ठमधाचं. पुदिन्यावर खरंच अभ्यास झाले आहेत, २०१० मधे इंग्लंडमधे चाळीसेक बायकांना महिनाभर दिवसातून दोनदा स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा चहा दिला, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन थोडं उतरलं, पण डॉक्टरांनी मोजलं तेव्हा केसांत म्हणावा असा फरक नव्हता. आवडतो तर पी, साखर नको, पण त्याच्या भरवशावर राहू नको. ज्येष्ठमध मात्र आजच बंद कर. एका अगदी छोट्या अभ्यासात, नऊ बायकांचा होता, त्याने टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं दिसलं, तिथूनच हे सगळीकडे पसरलं असावं, पण रोज घेतलं की ज्येष्ठमध बीपी वाढवतं आणि रक्तातलं पोटॅशियम पाडतं, आणि तू एकदाच जेवून राहिली त्यात तर अजून धोका. इनोसिटॉलच्या पुड्या पण तुला कोणी सांगेल, त्यांनी नुकसान फारसं नाही, फायदा पण पक्का नाही, पैसे जपून वापरायचे असतील तर तेच पैसे अंडी आणि डाळीत घाल.

गोळ्या नको म्हणालीस. का नको ते लिहिलं नाहीस, बहुतेक कोणीतरी घाबरवलं असेल की एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत, मूल होत नाही. तसं नाहीये. पाळीच्या ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात त्या अंडाशयाचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतात आणि लिव्हरकडून ते धरून ठेवणारं प्रोटीन वाढवून घेतात, म्हणजे दोन्हीकडून काम. बंद केल्या की मूल राहायला त्यांची अडचण नसते. पण त्या प्रत्येकीला चालत नाहीत, घरात कोणाला पायात रक्ताची गाठ झाली असेल, तुला बीपी असेल, किंवा डोळ्यांसमोर चमकून मग डोकं दुखणारं मायग्रेन असेल तर आधी सांगायचं. स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी टेस्टोस्टेरॉनला केसांच्या मुळाशी काम करू देत नाही, केसांना आणि पिंपल्सना चांगली आहे, पण परिणाम दिसायला सहा महिने लागतात आणि गरोदरपणात अजिबात चालत नाही, पोटातलं बाळ मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून लग्न ठरलं तर ते डॉक्टरला सांगणं भाग आहे. त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा उन्हाळ्यात रोज दोन दोन नारळपाणी प्यायची सवय असेल तर तेही सांग. मेटफॉर्मिन इन्शुलिनवर काम करते, स्वस्त आहे, सुरुवातीला पोट बिघडवते, फार दिवस चालली तर बी १२ तपासत राहावं लागतं, खास करून शाकाहारी असशील तर. यातली एकही मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायची नाही.

आणि एक गोष्ट जी तुला केसांच्या पुढे छोटी वाटली पण मला पत्रात तीच सगळ्यात मोठी वाटली. पाळी कधी कधी तीन महिने येत नाही. पाळी न आल्याने गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, वर्षानुवर्षं असं राहिलं तर पुढे त्यात कॅन्सरपर्यंतचा धोका वाढतो. ९० दिवसांच्या वर गेलं की डॉक्टर काही दिवसांची प्रोजेस्टेरॉनची गोळी देऊन पाळी आणतात. केसांवर उपचार कर नाहीतर नको करू, तुझी मर्जी, पण ह्याला नाही म्हणू नको.

केस. दीड महिन्यात केस गेले नाहीत म्हणून तू निराश झालीस, पण ते जाणारच नव्हते. टेस्टोस्टेरॉनने एकदा बारीक लवेचा जाड काळा केस झाला की टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर तो परत लव फारसा होत नाही, फक्त नवीन जाड केस येणं कमी होतं. म्हणून आतला उपचार आणि बाहेरचा उपचार सोबत करायचे. लेझर आपल्या सावळ्या कातडीवर पण करता येतं, डायोड किंवा एनडी याग मशीनने, पण स्किनच्या डॉक्टरकडे, ऑफर लावलेल्या पार्लरमधे नाही, सहा ते आठ वेळा जावं लागतं आणि मधूनमधून परत. लेझर करायचं ठरलं तर आधीचे काही आठवडे केस उपटायचे नाहीत, मूळ आत पाहिजे, रेझर चालतो.

कुठे जायचं म्हणशील तर मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तुला जवळच आहे, तिथे स्त्रीरोग आणि स्किन दोन्हीची ओपीडी आहे, मेयो हॉस्पिटलमधे आहे, मिहानच्या एम्समधे आहे, खर्च फार कमी. जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून ने आणि जुना रिपोर्ट ने. आईला सोबत ने, म्हणजे लग्न झालं की नीट होते हे तिला डॉक्टरच समजावून सांगतील. लग्नाने पीसीओएस जात नाही काकू, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि मूल होणार नाही असंही नाही, बहुतेकींना होतं, काहींना लेट्रोझोलसारखी गोळी देऊन अंडं तयार करावं लागतं एवढंच. पोरगी झोपत नाहीये, तिच्याजवळ बसा. आणि तू, झोप अशीच उडत राहिली, रडू येत राहिलं तर तेही डॉक्टरला सांग, पीसीओएसमधे मन खचणं खूप जणींना होतं. रात्रीच बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

रविवारचं. थ्रेडिंग कर, बिनधास्त कर, थ्रेडिंगने, वॅक्सने, रेझरने केस वाढत नाहीत, वाढतात ते हार्मोनने. रेझरने कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, तेवढंच. पण शनिवारी सकाळी कर, रविवारी नको, पिंपल्स आहेत तर लाली उतरायला एक दिवस पाहिजे, आणि ब्लीच लावू नको, आग होईल. पाहुण्यांना पहिल्याच भेटीत काही सांगायची गरज नाही. गोष्ट पुढे सरकली आणि तुला मुलगा बरा वाटला तर त्याच्याशी एकटीने बोलताना सांग, मला पीसीओएस आहे, उपचार चालू आहे, असं सरळ. तोपर्यंत रविवारी सकाळी नाश्ता करूनच तयार हो.